मास्टरजींचा मोर्चा

खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "तुमच्या भाषेत गडबडीला काय म्हणतात?"

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर होल्डॉल घेऊन उभा होतो. चंदीगडला येऊन चार दिवस झाले होते. सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत नुकताच रुजू झालो होतो आणि हे मी पाहत असलेलं सहावं घर होतं. आधीच्या पाच घरमालकांनी लग्न झालंय का, मांस-मच्छी खाता का, पाहुणे किती येतात, एवढंच विचारलं होतं.

"गोंधळ," मी म्हणालो. आणि का कोण जाणे, पुढे सांगत गेलो, "पण आमच्याकडे देवीचाही गोंधळ घालतात. घरात लग्न झालं की. संबळ वाजवून गाणी म्हणतात."

समोरच्या वृद्ध सरदारजींनी कुडत्याच्या खिशातून एक अरुंद, लांबट वही काढली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि उभ्या उभ्या लिहायला लागले. उजवीकडून डावीकडे. उर्दूत. "गाव?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नांदेड."

पेन थांबलं. त्यांनी वही मिटली, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि हळूच नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचं नाव घेतलं, "हुजूर साहिब." मग घराच्या आत तोंड करून हाक मारली, "बीजी, काका आ गया."

माझ्यामागे कुणी काका उभे आहेत की काय म्हणून मी वळून पाहिलं. पंजाबीत काका म्हणजे लहान मुलगा, हे मला बीजींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, संध्याकाळी सांगितलं. त्या घरात मी तीन वर्षं राहिलो आणि शेवटपर्यंत काकाच राहिलो. सरदारजींना सगळा सेक्टर मास्टरजी म्हणायचा, मीही म्हणायचो. बोलायचे ते हिंदी आणि पंजाबी मिसळून. मी इथे बहुतेक मराठीतच लिहितो आहे.

मास्टरजी फारसीचे शिक्षक. पण ते सीमेपलीकडच्या गावात, फाळणीच्या आधी. इकडे आल्यावर फारसी शिकणारं कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. "ज्या नद्या माझ्या हातून गेल्या, त्याच नकाशावर दाखवत बसलो," असं ते एकदाच म्हणाले, तेही बीजी घरात नसताना. निवृत्त झाल्यावर त्यांनी भूगोलाची पुस्तकं रद्दीत दिली आणि शब्द गोळा करायला सुरुवात केली.

त्यांची पद्धत कडक होती. शब्द, त्याचा अर्थ, तो कुणाच्या तोंडून ऐकला, ती व्यक्ती कोणत्या गावची आणि कुठे उभी राहून बोलली, एवढं सगळं लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नसे. पुस्तकात वाचलेला शब्द ते वहीत घेत नसत. "लफ़्ज़ दा गवाह चाहिदा, काका," ते म्हणायचे. शब्दाला साक्षीदार हवा, नाहीतर ती अफवा. त्यामुळे घरी येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी व्हायची. भाजीवाला घोसाळी मोजायच्या आधी दोन शब्द देऊन जायचा. पोस्टमन पत्र पेटीत टाकून मागच्या मागे सटकायचा, कारण एकदा त्याला 'मनीऑर्डर'ला त्याची आजी काय म्हणायची या प्रश्नावर अर्धा तास उन्हात उभं केलं होतं.

चंदीगडवर त्यांचा राग होता, पण तोही याच कारणाने. "गल्लीला नाव नाही, चौकाला नाव नाही, नुसते आकडे. त्यातही तेरावा सेक्टर नाहीच. अशा गावात माणसांनी शब्द साठवले नाहीत तर उद्या मुलं आकड्यांत रडतील." हे सांगताना ते सायकल हातात धरून चालत असायचे. सायकलवर बसले तर रस्त्यातलं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ते ती नुसती ढकलत न्यायचे. बीजी म्हणायच्या, "सायकलला फिरवून आणतात."

पंजाबातली ऐंशीच्या दशकातली ती वर्षं कशी होती हे वेगळं सांगायला हवं का, मला ठाऊक नाही. बसमधून माणसांना उतरवून मारल्याच्या बातम्या सकाळच्या चहाबरोबर यायच्या. अंधार पडायच्या आत दुकानांची शटर्स खाली. प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याचा भाऊ लुधियानाकडून निघाला आणि पोचला नाही. आमच्या ऑफिसातली दोन-तीन मराठी कुटुंबं मला म्हणायची, "सरदारजींच्या घरी कशाला राहतोस, इकडे क्वार्टरमध्ये ये. कशाला यार रिस्क घेतोस?" त्याच वेळी मास्टरजींना गुरुद्वाऱ्यात कुणी कुणी विचारायचं, बाहेरचा सरकारी नोकर कशाला घरात ठेवलाय म्हणून. हे मला फार नंतर कळलं.

शब्दांचीही तीच गत होती. बंदूक घेतलेल्या एकाच पोराला एक वर्तमानपत्र एक नाव द्यायचं, दुसरं दुसरं. कुठला शब्द छापायचा यावरून धमक्यांच्या चिठ्ठ्या यायच्या. मी मास्टरजींना विचारलं, हे शब्द तुमच्या वहीत का नाहीत? ते म्हणाले, "अजून चुलीवर आहेत, काका. हात भाजेल. आपण थंड झालेले घ्यायचे."

मोर्चा हा त्यांना थंड झालेला शब्द वाटला होता. आणि तो त्यांच्या डोक्यात मी घातला.

झालं असं. एका संध्याकाळी मी सायकलने प्रयोगशाळेतून निघालो, तर फाटकावरचा शिपाई म्हणाला, "साहब, आगे चौक पे मोर्चा लग गया है, सँभल के जाना." मी नांदेडचा माणूस. मोर्चा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर फलक, घोषणा, पुढे चालणारी पुढारी मंडळी आणि शेवटी कलेक्टर कचेरीत द्यायचं निवेदन. मी चौकाच्या अलीकडे सायकल स्टँडवर लावली आणि मोर्चा जाऊ दे म्हणून थांबलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. रस्ता रिकामा. समोर फक्त वाळूच्या पोत्यांची छातीएवढी भिंत, आणि तिच्या फटीतून एक नळी माझ्याकडे वळलेली. शेवटी पोत्यांमागून एक जवान बाहेर आला. "किसका इंतज़ार है?"

"मोर्चे का," मी म्हणालो.

त्याने माझी सायकल, पिशवी, डबा आणि ओळखपत्र दोनदा तपासलं. मग पोत्यांच्या भिंतीकडे बोट करून म्हणाला, "यही है मोर्चा. देख लिया? अब जाओ."

घरी येऊन मी हे मास्टरजींना सांगितलं. मला वाटलं हसतील. ते उठून उभे राहिले. "तुमच्याकडे मोर्चा चालतो?" त्यांनी विचारलं. "पायांनी?"

पुढचे आठ दिवस त्या घरात दुसरा विषय नव्हता. शब्द मूळचा फारसी, मूरचाल, म्हणजे किल्ल्याला वेढा घालताना खणतात तो खंदक. आमच्या जुन्या मराठी कागदांत किल्ल्याला मोर्चे लावल्याचे उल्लेख असतात, अजूनही आम्ही मोर्चेबांधणी म्हणतो, कुणी आपल्याला सोडून दुसऱ्याशी भांडायला लागला तर त्याने मोर्चा तिकडे वळवला म्हणतो, हे मी सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. साक्षीदार म्हणून माझं नाव. मग त्यांनी त्यांच्या वडिलांचं सांगितलं. इंग्रजांच्या काळात गुरुद्वारे महंतांच्या हातून सोडवायला लोक तुकड्या करून जायचे, निमूट लाठ्या खायचे, अटक व्हायचे. मग दुसरी तुकडी पुढे. त्यालाही मोर्चाच म्हणायचे. त्यांचे वडील अशा मोर्च्यातून दीड वर्षाने घरी आले तेव्हा काळी दाढी पांढरी झाली होती आणि घरातल्या कुत्र्याने त्यांना ओळखलं नाही.

"बघ," मास्टरजी म्हणाले, "बंदूक टाकली, पण शब्द फौजेचाच ठेवला. आमच्याकडे मोर्चा बसतो. हलायचं नाही, हा त्याचा अर्थ. तुमच्या लोकांनी खंदकाला पाय लावले. आणि आता चौकातल्या या जवानांनी पुन्हा पोती रचून त्याला होता तिथे नेऊन बसवलाय."

फारसीत मूर म्हणजे मुंगी. मूरचा म्हणजे छोटी मुंगी, आणि लोखंडाला चढणारा गंजही. खंदक खणणारे लांबून मुंग्यांसारखे दिसत असतील, म्हणून हा शब्द तिथूनच आला असेल, असं त्यांना मनापासून वाटायचं. पण ते वहीत नव्हतं. "सुंदर आहे, पण खरं आहे की नाही, कोण सांगणार? आणि गंजाला मोर्चा म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही." गंजासाठी त्यांनी अर्धं पान कोरं सोडलं.

आणि मग ते साक्षीदार गोळा करायला निघाले. रोज सकाळी सायकल ढकलत एका चौकातून दुसऱ्या चौकात. पोत्यांच्या भिंतीमागे उभ्या असलेल्या जवानांना विचारायचं, तुम्ही याला काय म्हणता, तुमच्या गावी काय म्हणतात. जवान देशभरातले, म्हाताऱ्याला हसायचे, काही सांगायचेही. मास्टरजी नोंद करायचे. अमुक सेक्टरचा चौक. पोत्यांचा मोर्चा. तीन जण. एक गढवालचा, तो म्हणाला असं असं.

मी ही वही पाहत होतो. रोज संध्याकाळी ते मला त्यातलं वाचून दाखवत होते. कागदावर ते काय दिसतं, हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही.

चौदा की पंधरा चौक झाल्यावर त्यांना उचललं. भाजीवाल्याने पाहिलं. त्याने हातगाडी तशीच ढकलत येऊन बीजींना सांगितलं की मास्टरजींना जीपमध्ये बसवून नेलं, सायकल तिथेच आडवी पडली आहे. बीजी एकट्या चौकीवर जाऊन आल्या. इन्स्पेक्टरने त्यांना आत घेतलं नाही. दुपारी मी जेवायला घरी आलो तेव्हा त्या जिन्याच्या तळाशी उभ्या होत्या.

"काका, तू सरकारी आदमी है," त्या म्हणाल्या. "तुझं ऐकतील. तो इन्स्पेक्टर विचारतो, वहीत कुठला मोर्चा कुठे आहे, किती माणसं आहेत, हे कशाला लिहिलंय. मला नाही सांगता येत. तुला येतं."

मी म्हणालो, ऑफिसात साहेबांना विचारून येतो.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझी फाईल मागवली. मी अजून कायम झालो नव्हतो. "तुझं पोलीस व्हेरिफिकेशन व्हायचंय," ते म्हणाले. "आज घरी जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण चौकीवर जाऊ नकोस असं म्हणेन." मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला त्यांचं म्हणणं ऐकून बरं वाटलं. कारण माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती: त्या वहीत साक्षीदार म्हणून माझं नाव आहे.

संध्याकाळी मी बीजींना सांगितलं, उद्या बघतो. त्या 'अच्छा' म्हणाल्या. वर जाऊन मी दार लावून घेतलं आणि खाटेवर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर वरच्या पायरीवर झाकलेल्या ताटलीत दोन पराठे आणि चहाचा ग्लास होता. रोज असायचा तसाच. खाली चूल पेटली होती ती माझ्यासाठी. बीजींनी स्वतः काही खाल्लं नव्हतं, हे मला खाली गेल्यावर कळलं; स्वयंपाकघरात धुऊन पालथा घातलेला फक्त तवा होता, त्यांची ताटली-वाटी कोरडीच होती. त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित मी आणखी एक कारण सांगितलं असतं. मी ताटली तशीच हातात घेऊन खाली उतरलो आणि म्हणालो, "चला."

इन्स्पेक्टर चाळिशीचा, झोप न झालेला माणूस होता. दुष्ट नव्हता. टेबलावर वही उघडी होती. उर्दू वाचणारं तिथे कुणी नव्हतं. सेक्टरांचे आणि माणसांचे आकडे, आणि गुरुमुखीत लिहिलेला 'मोर्चा' हा शब्द व साक्षीदारांची नावं-गावं, एवढंच त्यांना लागलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

"हर जगह एक गवाह का नाम है," तो म्हणाला. "ये नांदेडवाला कौन है?"

बीजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या.

"मैं हूँ," मी म्हणालो.

तो मागे टेकला. मी बोलायला लागलो. शिपायाने काय सांगितलं, मी चौकात कसा थांबलो, आमच्याकडे मोर्चा कसा चालतो, खंदक, मुंगी, सगळं. माझं मलाच ते खोटं वाटत होतं. त्याने मध्येच हात वर केला. "आपका मतलब, दो साल से शहर में गोलियाँ चल रही हैं, और ये बुज़ुर्ग पंद्रह मोर्चों पर घूमे, एक लफ़्ज़ का मतलब पूछने?"

"जी."

त्याने शिपायाला खूण केली. मास्टरजींना मागच्या खोलीत ठेवलं होतं. शिपाई कडी ओढायला लागला. कडी निघेना. त्याने दोन-तीन हिसके दिले आणि वैतागून म्हणाला, "साहब, मुरचा लग गया है इसमें."

आतून लगेच आवाज आला. बसलेला, पण ओळखू येणारा. "क्या लग गया है, बेटा? फिर से बोलना."

शिपाई गोंधळून इन्स्पेक्टरकडे पाहायला लागला.

"कौन गाँव के हो?" आतून प्रश्न आला. "बोली से बलिया के लगते हो. वहाँ लोहे के ज़ंग को मुरचा कहते हैं? सब कहते हैं, या सिर्फ़ तुम्हारे घर में?"

"सब कहते हैं, बाबा," शिपाई दाराकडे तोंड करून म्हणाला. "माई भी कहती है."

इन्स्पेक्टरने टेबलावरची वही मिटली. मग त्याने एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. माझं पूर्ण नाव, गावचा पत्ता, ऑफिसचा पत्ता, आणि या माणसाची जबाबदारी मी घेतो असं लिहून खाली सही. मी सही केली. वही त्याने दिली नाही. ती जमा झाली ती झालीच.

मास्टरजी बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर पगडी नव्हती. पांढरे विरळ केस पाठीवर आले होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्याकडे पाहावं की नाही हे मला कळेना. बीजींनी आपली चुन्नी काढून त्यांच्या डोक्याला गुंडाळली, अगदी सावकाश, बाळाला टोपडं बांधावं तशी. घरी आल्यावर ते अंगणात भिंतीकडे तोंड करून बसले. बीजींनी धुतलेली पगडी आणून दिली, ती त्यांनी आरशाशिवाय बांधली आणि मगच ते आमच्याकडे वळले.

"मुरचा," ते मला म्हणाले. "बलिया जिल्हा. ऐकलंस ना तू?" त्या दीड दिवसाबद्दल ते आयुष्यात एवढंच बोलले. त्यांचे गुडघे मात्र नंतर कधी पूर्ण वाकले नाहीत.

सहीचं पत्र आठवड्याभरात ऑफिसात पोचलं. माझं कायम होणं एक वर्षभर लांबलं. साहेब त्या वर्षात माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मी सेक्टर बावीसच्या बाजारातून तशीच अरुंद, लांबट वही शोधून आणली. मास्टरजींनी आठवणीतले शब्द पुन्हा लिहायला सुरुवात केली. रोज सकाळी अंगणातच बसायचे, सायकल भिंतीला टेकलेली. एकदा मी पान डोकावून पाहिलं. शब्द होते, अर्थ होते. साक्षीदाराची जागा कोरी होती, सगळ्या पानांवर.

"नावं नाही लिहिली," मी म्हणालो.

"नाव लिहिलं की त्या नावाला घर असतं, काका. घराला दार असतं."

"मग त्या अफवा नाहीत का?"

ते थोडे हसले. "आहेत." आणि पुन्हा लिहायला लागले. पुढे काही महिन्यांनी त्यांनी तेही सोडलं. भाजीवाला आता नुसती भाजी देऊन जायचा. एकदा त्यानेच आपणहून एक शब्द सांगितला. मास्टरजींनी तो लक्ष देऊन ऐकला, छान आहे म्हणाले आणि खिशाकडे हात नेला नाही.

त्यानंतर वर्षाने माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या दिवशी सायकलरिक्षा फाटकाशी आली होती. माझी ट्रंक अजून आत होती. एवढे दिवस जे बोललो नव्हतो ते मी तेव्हा बोललो. म्हणालो, मास्टरजी, बीजींनी मला पहिल्याच दिवशी दुपारी सांगितलं होतं. मी आलो असतो तर त्या रात्री तुम्ही घरी असता. मी घाबरलो होतो.

"मैनूं पता है," ते म्हणाले. जराही न थांबता. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पण बरं झालं नाही आलास. पहिल्या दिवशी तिथे दुसराच इन्स्पेक्टर होता. तो कुणाचं ऐकणारा नव्हता. त्याने तुलाही आत बसवलं असतं. हा भला माणूस दुसऱ्या दिवशी आला."

दोन्ही दिवशी इन्स्पेक्टर एकच होता. पहिल्या दिवशी त्याने बीजींना परत पाठवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी चौकीत शिरताना त्यांनीच मला तो दाखवला होता.

बीजी तेव्हा दारातच उभ्या होत्या, वाटेत खायच्या पराठ्यांचं पुडकं हातात घेऊन. त्यांनी मास्टरजींचं बोलणं ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. पुढे येऊन पुडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हाँ काका, दुसराच होता तो."